सैन्य मांडा, पण गावही मांडा

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पुण्यात नोकरीस आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत तो घरी आला, तेव्हा कपड्यांच्या पिशवीबरोबर एक पत्र्याची पेटीही घेऊन आला. पेटीत कापसात जपून ठेवलेले, इंचभर उंचीचे दोनशेच्या वर सैनिक होते. लाल डगल्यांचे गोरे पायदळ, मद्रासी शिपाई, शिंद्यांचे कवायती कंपू, घोडेस्वार आणि तोफा. एकेका सैनिकाचे पट्टे, बटणे आणि मिशा त्याने बारीक कुंचल्याने रंगविल्या होत्या. मोठ्या मेजावर रणांगण मांडून, फासे टाकून आणि मोजपट्टीने अंतर मोजून हा खेळ खेळतात. त्याला मांडायची होती ती असईची लढाई, म्हणजे आपल्याच जालना जिल्ह्यातील.

त्याची आई पेटी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "फादर, येशूबाळाच्या गोठ्याशेजारी ह्या तोफा ठेवू का नको? पोरगं तर ऐकंना." पुढे धर्मगुरूंच्या एका बैठकीत मी हा प्रसंग सांगितला. एका बंधूने क्षणाचाही विचार न करता निकाल दिला, "चुलीत घाला म्हणावं." दुसरे हसून म्हणाले, "पोरखेळ आहे, सोडून द्या." पहिले मत कठोर आणि दुसरे उदार वाटते. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच आळस आहे. त्या पेटीत काय आहे हे पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

प्रथम चुलीचा विचार करू. खेळ म्हणजे पाप, ही शिकवण ख्रिस्तसभेची नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये खेळातही सद्गुण असू शकतो काय, असा प्रश्न घेऊन त्याचे उत्तर होकारार्थी दिले आहे. तेथे ते संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहान शिष्यांसमवेत विरंगुळ्यात असलेला पाहून काहींना नवल वाटले. तेव्हा त्याने एका धनुर्धराला विचारले, की बाण सतत सोडत राहिल्यास काय होईल? धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, हा त्या कथेचा बोध. मग बाण आणि धनुष्य यांचाच दाखला देणाऱ्या संताच्या नावाने आपण लाकडी धनुष्ये जाळायची काय?

युद्धाचे रूप असलेला प्रत्येक खेळ वर्ज्य ठरवला, तर बुद्धिबळाचा पटही चुलीत जाईल. राजा, वजीर, हत्ती, घोडा, उंट आणि प्यादी हे सैन्यच आहे. आणि पेटीत चारदोन राक्षस व खुजे होते म्हणून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्यांना एवढेच सांगतो की असल्या कल्पित सैन्यांचे आजचे रूप ज्याच्या कथांना फार ऋणी आहे, तो टॉल्किन श्रद्धावान कॅथलिक होता. १९१६ साली सोमच्या लढाईत त्याने खरे युद्ध पाहिले होते.

आता 'पोरखेळ' म्हणणाऱ्यांकडे वळू. हा खेळ पोरांनी निर्माण केलेला नाही. १८२४ साली राइस्विट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याचा नकाशावरील युद्धखेळ त्या सैन्याच्या प्रमुखांनी पाहिला आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. उलट एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम लिहिले, ते खरे महायुद्ध किती मूर्खपणाचे असेल हेही सांगत. दुसऱ्याच वर्षी ते महायुद्ध सुरू झाले. म्हणजे तेच चिमुकले सैनिक एका हाती युद्धाची तालीम झाले आणि दुसऱ्या हाती युद्धाचा उपहास. ज्या वस्तूत अशी दुहेरी शक्ती आहे, तिला क्षुल्लक कसे म्हणावे?

आणखी एक उदाहरण घ्या. विल्यम सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईची भव्य प्रतिकृती तयार करून १८३८ साली लंडनमध्ये प्रदर्शनास ठेवली. तीत सत्तर हजारांहून अधिक कथिली सैनिक होते. प्रशियाचे सैन्य रणांगणावर कोठे आणि किती दाखवावे, यावरून वाद माजला. विजयाचे श्रेय वाटले जाते म्हणून वेलिंग्टनच्या गोटाला ती मांडणी रुचली नाही आणि सायबोर्नने पुढे ती बदलली. मेजावर कोण उभा राहतो आणि कोण वगळला जातो, यावर लोकांची स्मृती ठरते. हे त्या सरदारांना उमगले होते. आम्हा धर्मगुरूंना ते उमगू नये काय?

हा वेलिंग्टन म्हणजेच असईचा आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, सुमारे साडेनऊ हजार सैन्यानिशी त्याने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या कितीतरी मोठ्या फौजेवर चाल केली. मराठ्यांच्या बाजूला शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि पोलमन या जर्मन सेनानीने शिस्त लावलेले पायदळ होते. सरधन्याच्या कॅथलिक राणीच्या, बेगम समरूच्या, पलटणीही शिंद्यांच्या बाजूने तेथे होत्या. इंग्रजांच्या फौजेत बहुसंख्य हिंदी शिपाईच होते. तेव्हा 'ही लढाई इंग्रजांची, आपला काय संबंध' असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे.

ही लढाई जगभरचे हौशी खेळाडू आवडीने मांडतात. तिच्यातील निर्णायक क्षण पाहा. केळना नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले होते. वेलस्लीला नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे दिसली. इतकी जवळची गावे एकमेकांकडे ये-जा केल्यावाचून राहणार नाहीत, तेव्हा येथे उतार असलाच पाहिजे, असे त्याने ताडले. तो खरा ठरला आणि सैन्य नदीपार झाले.

वाचकहो, त्या उताराचा अर्थ ध्यानी घ्या. तो कोणा सेनापतीने केला नव्हता. बाजाराला जाणाऱ्या बाया, सासरी निघालेल्या लेकी, गुरे हाकणारी पोरे यांच्या पावलांनी तो केला होता. दोन गावांच्या शेजारधर्मावर ती लढाई जिंकली गेली. आणि तीच गावे खेळाच्या मेजावर कशी असतात? चारदोन रिकामी घरे, आडोशाच्या गुणांपुरती! त्यांत माणूस नाही, विहीर नाही, धूर नाही.

मेलेल्यांच्या हिशेबातही तेच. इंग्रजांकडील ४२८ जण ठार झाले, हा आकडा नेमका नोंदला गेला. त्यांच्या जखमींना अजिंठ्याला हलविले गेले. मराठ्यांकडील मृत आणि जखमी मात्र 'सुमारे सहा हजार' असे मोघम सांगितले जातात. असई गावावर काय गुदरले, याला तर कोणत्याही कोष्टकात जागा नाही. खेळात सैनिक पडला की तो उचलून पेटीत ठेवतात आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा ताजातवाना उभा राहतो. ही सोय खेळाला हवीच, पण तिची सवय मनाला लागू नये. सामान्यजनांसह सबंध शहरे बेचिराख करणाऱ्या युद्धकृत्याला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध म्हटले. ज्यांच्या मेजावर सामान्यजन कधी नव्हतेच, त्यांना तो अपराध दिसणार कसा?

याला उत्तर परदेशातून आणावे लागत नाही. दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात, ते पाहा. वर सिंहासनावर शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे, दाराशी तोफ. पण पायथ्याशी अळीव किंवा मोहरी पेरून शेत केलेले असते. तेथे विहीर असते, शेतकरी असतो, भाजीवाली असते. कधी ती भाजीवाली तोफेहून मोठी असते, पण कोणी तिला काढून टाकत नाही. गाव नसेल तर किल्ला कोणासाठी, हे त्या मुलांना न शिकवता कळते.

नाताळचा गोठाही याच जातीचा आहे. १२२३ साली ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी गव्हाण मांडली, तेव्हा मूर्ती नव्हत्या. गवत होते, बैल आणि गाढव होते आणि भोवती गावकरी होते. त्या गोठ्याच्या कथेत सैनिकही येतात, हे आपण विसरतो. हेरोदाने त्यांना बेथलेहेमात धाडले आणि त्यांनी मारलेल्या निरपराध बालकांचा सण ख्रिस्तसभा २८ डिसेंबरला, नाताळच्या अठवड्यातच, पाळते. गोठ्याशेजारी शस्त्र येऊ नये, असे म्हणणाऱ्यांनी शुभवर्तमान अर्धेच वाचले आहे. शस्त्र तेथे आहेच, पण तेथे आईही आहे, लेकरूही आहे आणि रात्रीत गाव सोडणारे कुटुंबही आहे.

म्हणून मी त्या माउलीला सांगितले, पेटी ठेवा. मुलाला सांगितले, खुशाल रंगव, पण असई मांडशील तेव्हा वरूड आणि पिंपळगाव रिकामी ठेवू नकोस. जेवढ्या निगुतीने शिपायाचा पट्टा रंगवलास तेवढ्याच निगुतीने पाणवठ्यावरची बाई रंगव. तोफा धडाडल्यावर तिने कोठे जायचे, याचाही नियम तुझ्या खेळात असू दे. तो थोडा गोंधळला. "फादर, मग खेळ फार अवघड होईल," म्हणाला.

होऊ दे. युद्धाचा खेळ सोपा आहे, हीच तर माझी तक्रार आहे. चुलीचा सल्ला देणाऱ्या बंधूंना माझे विचारणे इतकेच आहे, की त्या मुलाच्या हातून सैनिक काढून घेऊन तुम्ही त्याच्या मनात काय ठेवणार होता?