खारेपाटाला इशारा: २६ जानेवारीच्या आत बांध दप्तरात आणा

पेण-अलिबागच्या खारेपाटात आणि कोकणातल्या कुठल्याही खाडीकाठी ज्यांच्या नावावर गुंठाभर तरी जमीन आहे, त्या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. गावाचं दप्तर ज्यांच्या हाती आहे, त्यांनाही आहे. कळवलं नव्हतं, असं नंतर कोणी म्हणू नये.

बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडून तो फुटला की आपण उधाणाकडे बोट दाखवतो. पाणी शेतात शिरलं, भात गेलं, पंचनामा झाला, चार पैसे भरपाई आली, विषय मिटला. खरं तर विषय तिथून सुरू होतो. खांड उघडीच राहिली की खाऱ्या पाण्याबरोबर तिवरांचं बी आत येतं आणि रुजतं. मग त्या जमिनीला लागू होणारा नियमच बदलतो. १८ जानेवारी २०१९ची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना एकदा नीट वाचून घ्या. १९ फेब्रुवारी १९९१च्या आधीचा बांध किंवा उघाडी (पाणी सोडायची झडप) असेल, तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबेल, असं ती सांगते. इथपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं असतं; दलाल तेवढंच वाचून दाखवतात. पुढे लिहिलंय ते असं: खारं पाणी शिरून बांधाच्या आत तिवरं वाढली असतील, तर तेवढं क्षेत्र, मग ते कितीही लहान असो, सीआरझेड एक-अ मध्ये जाईल. ते राखायचं, दुसऱ्या कशासाठीही वापरायचं नाही. म्हणजे सातबारावर नाव तुमचंच राहील, पण नांगर घालता येणार नाही.

आणि कोणी रातोरात कुऱ्हाड चालवायचा बेत करत असेल, तर त्यालाही बजावून ठेवतो. जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिवरं तोडता येणार नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ला स्पष्ट सांगितलं आहे. आमच्या मते ते योग्यच आहे. बांधाबाहेरची तिवरं लाटांचा मार स्वतःवर घेतात, म्हणून तर बांध टिकतो. तोडणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला, तर गाव त्याच्या मागे उभं राहणार नाही. तिवरं आत येऊ द्यायची नसतील, तर खांड वेळेवर बुजवणं हा एकच सरळ मार्ग आहे, आणि तो ग्रामपंचायतीच्या दारातून जातो.

बांध तर डोळ्यांना दिसतो, त्याला पुरावा कसला, असं म्हणणाऱ्यांनी किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा पाहावा. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जागेवरचे २५ मीटर. आपला बांध त्यात रेघेएवढाही नाही. तो १९९१च्या आधीचा आहे, हे कागदानेच सिद्ध होणार. १९४८चा खार जमीन कायदा आणि १९७९चा खारभूमी विकास कायदा यांखाली झालेल्या योजनांची कागदपत्रं सरकारी कचेऱ्यांत शोधावी लागतील. ती माहितीच्या अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर अपील करा. तोंडी चौकशीला आणि चहा पिता पिता मिळालेल्या आश्वासनाला काडीची किंमत नाही. अर्जावर आवक क्रमांक घ्या, पोच घ्या, ती जपून ठेवा.

आता ग्रामसभेचं. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी माणसं जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. इथेच मेख आहे. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तुम्ही घरी बसलात म्हणून ठराव थांबत नाही, तो फक्त तुमच्याशिवाय होतो. भरावाला, जेट्टीला, रिसॉर्टला ना-हरकत देण्याचा विषय अशा रिकाम्या सभेतून गेला आणि मग दोन वर्षांनी कोणी गळा काढला, तर त्याला आम्ही उत्तर देणार नाही. याच मातीत चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप चालवला, उपासमार सोसली. त्यांना ग्रामसभा नव्हती, माहितीचा अधिकार नव्हता. आपल्याला दोन्ही आहेत आणि आपल्याला तासभर सतरंजीवर बसायला होत नाही.

मुंबईकर मालकांनो, मांडव्याला बोटीतून उतरून थेट फार्महाऊस गाठणाऱ्यांनो, तुमचं नाव मुंबईच्या मतदारयादीत असेल तर इथल्या ग्रामसभेत तुम्हाला हात वर करता येणार नाही. पण लेखी हरकत घ्यायला कोणी अडवलेलं नाही. शिवाय तुमच्या भरावाने कोणाच्या उघाडीचं तोंड बुजलं असेल, तर ते आधी मोकळं करा. आणि गाववाल्यांनो, वारस नोंदी करून घ्या. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी सातबारावर तेच मालक. मग सरकारी नोटीस त्यांच्याच नावाने निघते आणि आपण विचारतो, आम्हाला कसं कळलं नाही!

सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना मुदत देतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर बांध, उघाड्या आणि किनाऱ्याचा नकाशा हा स्वतंत्र विषय हवा. ऐनवेळच्या विषयांत ढकललेला चालणार नाही. त्याआधी नकाशा चावडीवर टांगलेला हवा. कोणत्या गट नंबरापाशी किती लांबीची खांड आहे, हे ठरावात लिहिलेलं हवं आणि ठरावाची प्रत तहसीलदार व खारभूमी विभागाकडे गेल्याची पोच गावाला दाखवायला हवी. असा ठराव खात्यावर बंधनकारक नसतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ठरावच नसेल, तर खात्याला काही विचारायला आपल्याला तोंड राहत नाही.

हे झालं नाही, तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी तालुका लोकशाही दिनात तक्रार होईल. अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. तो लिहून तयार आहे. तालुक्याला दाद मिळाली नाही, तर जिल्ह्याला जाऊ. ग्रामसभाच घेतली नाही, तर पुरेशा कारणाविना ती टाळणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. ती तरतूद वापरायला आम्ही कचरणार नाही, सरपंच आमच्या भावकीतला असला तरी.

खांडी बुजवायला खारभूमी खात्याला मुदत ३१ मेपर्यंत. त्यानंतर पाऊस आणि उधाण एकदमच येतात. तोवर ठरावातली एकही खांड उघडी राहिली, तर तिचं अंदाजपत्रक कधी झालं, ते कोणाच्या टेबलावर किती दिवस होतं, हे सगळं माहितीच्या अधिकारात काढून पदनामासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू. शेजारी दुसरा कागद लागेल: २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या हजेरीपुस्तकाची प्रत. त्यात आपलं नाव आहे की नाही, ते प्रत्येक खातेदाराने येऊन बघावं.