गोलरक्षकाने काय घोडं मारलंय?

मंडळी, सर्वोत्तम फुटबॉलपटू कोण यावर आमच्या नातवंडांची नेहमी जुंपते. नावं मात्र गोल करणाऱ्यांचीच! बॅलन डी'ऑर १९५६ पासून देतात. गोलरक्षकाला तो एकदाच मिळालाय, १९६३ साली लेव याशिनला. २०१४ चा विश्वचषक जर्मनीने जिंकला. मॅन्युएल नॉयर अल्जीरियाविरुद्ध गोल सोडून पुढे धावत बचावपटूचंही काम करत होता. तरी त्या वर्षी पहिला रोनाल्डो, दुसरा मेस्सी, नॉयर तिसरा! का? तर केलेले गोल फळ्यावर लागतात, अडवलेले लागत नाहीत.

२०१९ पासून गोलरक्षकांना वेगळी 'याशिन ट्रॉफी' देतात. हे म्हणजे पंगतीतून उठवून वेगळं पान वाढणं. मुख्य पंगतीत बसवा की! काय म्हणता?