धन्याची भाषा आणि आपली वाचा

‘आफ्रिकेतील कादंबऱ्यांशी नि बोलपटांशी आपला संबंध काय?’ असे सुरतेतील एका ज्ञातिबंधूंनी मला नुकतेच विचारले. संबंध आहे, आणि तो जुना आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता. एकाच धन्याच्या दारी आपण दोघेही उभे होतो. ज्या सत्तेच्या भयाने आपल्या पूर्वजांनी कुलदेवता नदीपार अंत्रुजात नेल्या, त्याच सत्तेने १६८४ साली तीन वर्षांत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. देव पालखीतून नेता आले. भाषा मात्र जिभेवरच राखावी लागली.

सेनेगलचे उस्मान सेंबेन फ्रेंच कादंबऱ्यांनी नावारूपास आले. परंतु आपलेच लोक त्या वाचू शकत नाहीत, हे शल्य त्यांना डाचू लागले. ते चित्रपटाकडे वळले आणि १९६८ साली त्यांनी ‘मंदाबी’ वोलोफ भाषेत काढला. पॅरिसहून आलेली मनीऑर्डर ओळखपत्राअभावी हाती न पडणाऱ्या निरक्षर गृहस्थाची ही कथा. देश १९६० सालीच स्वतंत्र झाला होता. कचेरी मात्र फ्रेंचच बोलत होती! केनियाचे न्गुगी वा थिओंगो इंग्रजीत टीका करीत, तोवर सरकार स्वस्थ होते. १९७७ साली त्यांचे गिकुयू नाटक शेतकरी-कामकऱ्यांनी रंगविले, आणि चौकशीवाचून त्यांना तुरुंगात टाकण्यात आले.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांनी इंग्रजीतच थोर लेखन केले, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला मान्य आहे. पण अचेबे इंग्रजीला वाकवीत होते. आपण इंग्रजीपुढे वाकतो.

मी वकील आहे. उच्च न्यायालयात स्वतःच्याच दाव्याचा इंग्रजी युक्तिवाद, काही न उमजता, ऐकत बसलेला पक्षकार मी पाहिला आहे. ‘मंदाबी’तला गृहस्थ तो हाच. आता हा प्रकार आपल्या माजघरात शिरला आहे. आजी कोंकणीत विचारते, नातू इंग्रजीत उत्तर देतो. मुंजीची पत्रिका इंग्रजीत निघते. आणि आपण मराठी थोर की कोंकणी, या वादात गुंग! १६८४ च्या फर्मानाला जे साधले नाही, ते आपण फर्मानावाचून पार पाडीत आहोत.

वाचकहो, येत्या उत्सवाची पत्रिका मराठीत छापा किंवा कोंकणीत छापा. पण ती अशी असावी की, घरातल्या आजीला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नये.