एका दिवसाचे स्मारक

१ जानेवारी सरला, पुणे-नगर रस्ता मोकळा झाला, बंदोबस्त उठला. पेरणे येथील जयस्तंभ आता पुढच्या डिसेंबरपर्यंत सरकारच्या डोक्यातून उतरेल. या परिसरातल्या २०१८च्या हिंसाचारानंतर पोलिसांनी डोळ्यांत तेल घालून राहावे, हे योग्यच. पण दोनशे वर्षांच्या वास्तूकडे निव्वळ बंदोबस्ताचा विषय म्हणून पाहायची जी सवय जडली आहे, ती संतापजनक आहे. पार्किंग, टँकर, फिरती शौचालये यांवर बैठका झडतात. दगडावर आणि त्यावर कोरलेल्या अक्षरांवर कधी झडल्या? हिंसाचाराच्या चौकशी आयोगाला मुदतवाढी, जमिनीच्या वादाला तारखा आणि स्तंभाला एक दिवस फुलांची आरास, एवढ्यात आमच्या राज्यकर्त्यांचा वारसाविचार संपतो.

वास्तविक हे स्मारक असाधारण आहे. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री शिरूरहून निघालेली ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशेंची तुकडी दुसऱ्या दिवशी कोरेगावात पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी झुंजली. त्या लढाईच्या या स्मारकाची पायाभरणी २६ मार्च १८२१ची. साठ फुटांचा निमुळता दगडी स्तंभ. त्यावर ना घोडा, ना उगारलेली तलवार. आहेत ती नावे. त्याच दशकात वॉटर्लूला मातीची टेकडी रचून वर सिंह बसवला, तो एका राजपुत्राच्या जखमेची खूण म्हणून. साध्या शिपायाला तिथे जागा नव्हती. इंडिया गेटचा पाया १९२१चा, म्हणजे पेरण्यानंतर शंभर वर्षांनी. इथे ४९ मृतांच्या यादीत महारांच्या नावांतल्या ‘नाक’ प्रत्ययाची २२ नावे आहेत.

इंग्रजांच्या विजयाचा खांब कशाला जपायचा, असे काहींना वाटते. कंपनीने तो बढाईसाठीच उभारला, यात शंका नाही. पण स्मारकाचा अर्थ उभारणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. ज्या महारांची भरती इंग्रजांनीच पुढे बंद केली, त्यांच्या पराक्रमाचा लेखी पुरावा याच दगडावर होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर इथे आले, तेव्हापासून तो कंपनीचा उरलाच नाही. आणि यादी नीट वाचली तर इतर जातिधर्मांची नावेही सापडतील. दोन्ही बाजूंच्या घोषणाबाजांना ती अडचणीची ठरतील. कदाचित म्हणूनच ती वाचण्याची घाई कुणालाच नसावी.

हा रोग एका स्तंभापुरता नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, धान्यकोठार, पाण्याचा पाट उजेडात आणला. तालुक्यातल्या किती शाळांच्या सहली तिथे जातात?

पुढच्या डिसेंबरची वाट न पाहता पुरातत्त्व विभागाने स्तंभाच्या दगडाची तपासणी करावी, सगळी ४९ नावे मराठीत वाचता येतील असा फलक आवारात लावावा आणि आरास करणाऱ्यांना दगडाला हात लावायची मनाई करावी. याला ना आयोग लागतो, ना मुदतवाढ.