तीनशे पानांचा मोह

जॅझ पियानो शिकायचाय, पुस्तक कुठलं घेऊ? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: मार्क लेव्हीनचं ‘द जॅझ पियानो बुक’. विचारणारा खूष, सांगणारा खूष. माझं म्हणणं असं की नवशिक्याला हे पुस्तक सुचवणं म्हणजे त्याला पियानोपासून लांब ठेवायची उत्तम सोय आहे.

थांबा, शिव्या घालण्याआधी पुढचं वाचा. पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. लेव्हीन (२०२२ मध्ये गेला) कॅल जेडर, मोंगो सांतामारिया असल्या दिग्गजांबरोबर वाजवलेला माणूस. १९८९ सालचं पुस्तक आजही लोक सुचवतात ते उगाच नाही. पण ते कुणासाठी लिहिलंय? अनुक्रमणिका बघा. तिसऱ्या प्रकरणात तीन स्वरांची व्हॉइसिंग्ज (म्हणजे कॉर्डमधले स्वर दोन हातांत कसे वाटायचे ते), चौथ्यात लगेच सस आणि फ्रिजियन कॉर्ड्स, सहाव्यात ट्रायटोन सब्स्टिट्यूशन. ज्याला दोन हात एका वेळी चालवताना घाम फुटतो त्याच्यासाठी हा वेग नाही. आधीच वाजवणाऱ्याने अडलं की उघडावं असं हे पुस्तक आहे.

आता त्या तिसऱ्या प्रकरणातल्या ऐवजाकडेच बघू. जॅझमध्ये पावलोपावली भेटणारी चाल म्हणजे टू-फाइव्ह-वन. सीच्या पट्टीत डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. डाव्या हाताने फक्त मूळ स्वर: डी, जी, सी. उजव्या हातात दोनच स्वर. आधी एफ आणि सी. जी सेव्हनला एफ जागेवर राहतो, सी अर्धा सूर उतरून बी होतो. मग बी जागेवर राहतो आणि एफ अर्धा सूर उतरून ई होतो. बस्स. एका वेळी एकच बोट हलतं आणि तरी सगळं जॅझसारखं ऐकू येतं. हे बाराही पट्ट्यांत, मेट्रोनोम लावून, कागद न बघता करायचं. रोज ऑफिसहून येऊन अर्धा तास दिलात तर दोन महिने कुठे गेले कळणार नाही. तीनशे पानांच्या पुस्तकात हे मोजक्या पानांत उरकतं आणि वाचणारा ‘समजलं’ म्हणून पान उलटतो. समजलं हो, पण बोटांना कुणी सांगितलं?

आपल्या धंद्यातल्या लोकांना ही खोड जास्त. नवी लँग्वेज शिकायची तर आधी सगळ्यात जाड पुस्तक आणायचं. पर पेज किती रुपये पडले याचा हिशोबही डोक्यात चालू असतोच. तिथे ते थोडंफार खपतं, कारण चुकलं की कंपायलर तोंडावर एरर फेकतो. पियानो एरर देत नाही. चुकीचं वाजवलं तरी वाजतंच.

माझ्या ऑफिसातल्या एका मित्राकडे लेव्हीनची दोन्ही पुस्तकं आहेत (दुसरं ‘द जॅझ थिअरी बुक’, १९९५चं, पाचशेच्या वर पानं). लिडियन डॉमिनंट स्केल कुठून येतं विचारा, झोपेतून उठून सांगेल: मेलडिक मायनरच्या चौथ्या स्वरापासून. बरोबर आहे. पण एखादं साधं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजव म्हटलं की विषय बदलतो. दीड वर्ष झालं, त्याच्या कीबोर्डवर इस्त्रीचे कपडे असतात. गंमत म्हणजे पठ्ठ्याचा कान चांगला आहे, हार्मोनियमवर नाट्यगीतं ऐकून ऐकून बसवायचा. तेही आता बंद. ‘आधी थिअरी पूर्ण करतो,’ म्हणतो. याचा मला खरा राग येतो. एका वाजवणाऱ्या माणसाचं आपण वाचणाऱ्यात रूपांतर केलं.

आणि जे सगळ्यात महत्त्वाचं ते छापताच येत नाही. कागदावर एकसारखे दिसणारे आठव्या मात्रेचे स्वर जॅझमध्ये एक लांब, एक आखूड असे वाजतात. किती लांब, किती आखूड हे लयीवर बदलतं, वादकावर बदलतं. लय खूप वाढली की जवळजवळ सरळच होतात. याला सूत्र नाही, ऐकणं आहे. माइल्स डेव्हिसची १९५९ची ‘काइंड ऑफ ब्लू’ लावा. बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब, सगळीकडे तेच. ‘फ्रेडी फ्रीलोडर’वर पियानोला विंटन केली आहे, बाकी सगळीकडे बिल एव्हान्स. केलीचे स्वर उड्या मारत येतात, एव्हान्सचे पाण्यात सोडल्यासारखे. ‘सो व्हॉट’मधल्या त्या दोन कॉर्ड्सचा साचा लेव्हीनच्या पुस्तकात आहे: खाली तीन चौथे, वर एक मेजर थर्ड. पण पहिला लांबवून दुसरा कसा तोडायचा, हे रेकॉर्डच सांगते.

मुंबईला हे नवीन नाही. लिऑन ॲबीचा बँड १९३५ मध्ये ताजमध्ये आला, मागोमाग टेडी वेदरफोर्डसारखा पियानिस्ट. गोव्याच्या पॅरिश शाळांतून आलेल्या आपल्या वादकांना नोटेशन उत्तम येत होतं, तरी जॅझ त्यांनी या लोकांना ऐकून आणि रेकॉर्ड्स घासून घेतला.

आता दुसरी बाजूही उसळणार: म्हणजे पुस्तकं फेकूनच द्यायची ना? एरोल गार्नरला नोटेशन कुठे वाचता येत होतं! हे त्याहून डेंजर. गार्नर तीन वर्षांचा असताना पियानोला बसला. आपण अठ्ठाविसाव्या वर्षी, डिप्लॉयमेंट आटपून, रात्री साडेनऊला बसतो. आपल्याला पुस्तक लागतंच. फक्त वेगळं.

विकत घेण्याआधी मी तीन गोष्टी बघतो. पहिल्या दहा पानांत काहीतरी संपूर्ण वाजवायला मिळतं का? सोबत रेकॉर्डिंग आहे का? आणि लेखक ‘हे अमक्याच्या तमक्या रेकॉर्डवर ऐका’ असं नाव घेऊन सांगतो का? टिम रिचर्ड्सचं ‘इम्प्रोव्हायझिंग ब्लूज पियानो’ मला याच कारणासाठी आवडतं. बारा बारच्या ब्लूजमध्ये चुकलात तरी घर सापडतं. व्हॉइसिंग्ज बोटात बसवायला फिल डीग्रेगचं ‘जॅझ कीबोर्ड हार्मनी’. ‘द रियल बुक’ मात्र शिकायचं पुस्तक नव्हे, त्यात फक्त चाली आणि कॉर्ड्सची नावं. सत्तरच्या दशकात बॉस्टनला बर्कलीच्या पोरांनी चोरून छापलेलं हे प्रकरण २००४ मध्ये कायदेशीर झालं. दहा गाणी येईपर्यंत त्याची गरज नाही. मात्र दोन पुस्तकं एका वेळी उघडू नका, प्लीज.

आणि जेमी एबरसोल्ड. १९६७ पासून निघालेल्या त्याच्या प्ले-अलाँग रेकॉर्ड्समध्ये एका स्पीकरला बेस आणि ड्रम्स, दुसऱ्याला पियानो आणि ड्रम्स. पियानोवाल्याने बॅलन्सचं बटण बेसच्या बाजूला पूर्ण फिरवायचं. तो पियानो गायब होतो आणि त्या रिकाम्या जागेत तुम्ही तेच तीन स्वर वाजवता, उशिरा, लवकर, कसेही. बेस काही तुमच्यासाठी थांबत नाही.