पर्याय क्रमांक ४ : वरीलपैकी सर्व

सरकारी प्रशिक्षणात अलीकडे एक सोपी वाट रूढ झाली आहे. व्याख्यात्याचे सादरीकरण संगणकावर चढवायचे, त्याखाली दहा बहुपर्यायी प्रश्न जोडायचे आणि ज्याने त्यांतले ठरावीक प्रश्न बरोबर सोडवले त्याला प्रमाणपत्र द्यायचे. प्रमाणपत्रांची बेरीज वरिष्ठांकडे जाते, तेथून त्यांच्या वरिष्ठांकडे, आणि इतके हजार कर्मचारी प्रशिक्षित झाले असे वार्षिक अहवालात छापून येते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिल्यापासून तर ही वाट राजमार्ग झाली आहे. माझा आक्षेप बहुपर्यायी प्रश्नाला नाही, संगणकाला तर मुळीच नाही. प्रश्नावली बनवण्याचे सॉफ्टवेअर हाती आले म्हणजे प्रश्न आपोआप लिहिले जातात, ही जी समजूत खात्याखात्यांत पसरली आहे तिला आहे.

चंदीगडचे उदाहरण घेऊ. पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेले हे शहर १९६६ पासून केंद्रशासित आहे, पण तेथील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती अनेक वर्षे पंजाबच्या नियमांप्रमाणे चालत. मार्च २०२२ च्या अखेरीस केंद्रीय गृहमंत्रालयाने अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२२ पासून तेथे केंद्रीय सेवानियम लागू झाले. त्यावरून पंजाबात राजकारण बरेच तापले, तो वेगळा विषय. प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की आस्थापना शाखेत बसणाऱ्या लिपिकाच्या डोक्यातले नियमांचे पुस्तक दोन-चार दिवसांत बदलले. निवृत्तीचे वय बहुतेकांसाठी ५८ चे ६० झाले. महिला कर्मचाऱ्यांची बालसंगोपन रजा एका वर्षाची दोन वर्षे झाली. अशा वेळी प्रशिक्षण द्यायला हवे आणि त्याच्या शेवटी परीक्षाही घ्यायला हवी, याबद्दल दुमत नसावे.

आता परीक्षा कशी घ्याल? आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न असेल : नवे नियम कोणत्या तारखेपासून लागू झाले? खाली चार तारखा. हा प्रश्न दोन मिनिटांत लिहून होतो आणि त्याचे उत्तर सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर असते. ते बरोबर देणारा लिपिक दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून एखाद्या शिक्षिकेचा रजेचा अर्ज जुन्या नियमाने नामंजूर करू शकतो. प्रमाणपत्र मात्र त्याच्या नावावर जमा झालेले असते.

त्याऐवजी विचारा : संपूर्ण सेवाकाळात महिला कर्मचाऱ्याला जास्तीत जास्त किती दिवस बालसंगोपन रजा मिळू शकते? पर्याय द्या १८०, ३६५, ७३० आणि १५. बरोबर उत्तर ७३०. हाही पाठांतराचाच प्रश्न वाटेल. पण चुकीचे पर्याय पाहा. ३६५ निवडणाऱ्याच्या मनात पंजाबचा जुना नियम अजून जागा आहे. १८० निवडणाऱ्याने प्रसूती रजेशी गल्लत केली आहे. (महाराष्ट्रातून आलेला कर्मचारीही १८० म्हणेल, कारण २०१८ च्या शासन निर्णयाने आपल्याकडे बालसंगोपन रजा तेवढीच ठेवली आहे. आपल्यापैकी जे प्रतिनियुक्तीवर परराज्यांत हिंडले आहेत त्यांना ही गंमत पटेल.) १५ म्हणणाऱ्याला पितृत्व रजा आठवली. एका प्रश्नातून चार निरनिराळी निदाने हाती आली. शंभरातल्या चाळीस जणांनी ३६५ वर बोट ठेवले असेल, तर पुढचे परिपत्रक कशावर काढायचे ते ठरवायला समिती नेमण्याची गरज नाही.

म्हणजे बहुपर्यायी प्रश्नाचा जीव चुकीच्या पर्यायांत असतो. ते पर्याय टेबलावरच्या खऱ्या चुकांतून यावे लागतात, आणि त्या चुका फक्त टेबलावर बसलेल्या माणसाला ठाऊक असतात. आपल्याकडे प्रश्न लिहिण्याचे काम मात्र सॉफ्टवेअर चालवता येते म्हणून कंत्राटदाराच्या मुलाकडे, नाही तर ‘संगणकात हुशार’ असलेल्या कनिष्ठ सहकाऱ्याकडे जाते. त्याला तीन चुकीचे पर्याय सुचतात, चौथा सुचत नाही. मग तो लिहितो, ‘वरीलपैकी सर्व’. सॉफ्टवेअरमध्ये पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलण्याची सोय असते, ती चालू राहिली की ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय सर्वांत वर येऊन बसतो. त्याच्या वर काहीच नाही! असल्या प्रश्नावल्या सोडवून लोकांना प्रमाणपत्रे मिळालेली आहेत.

सॉफ्टवेअरला दोष देऊन भागणार नाही. ‘मूडल’ ही २००२ पासूनची मुक्त प्रणाली घ्या. तिच्यात प्रत्येक पर्यायापुढे अभिप्रायाची एक चौकट असते : हा पर्याय निवडला तर शिकणाऱ्याला काय सांगायचे ते तेथे लिहावे. ३६५ निवडणाऱ्याला ‘हा जुना नियम झाला, नवा असा’ एवढे एक वाक्य त्याच क्षणी दिसले, तर तीच शिकवणी. प्रश्न किती सोपा ठरला, ज्यांना विषय येतो आणि ज्यांना येत नाही त्यांच्यात त्याने फरक केला का, हेही ती प्रणाली गणित करून दाखवते. त्या चौकटी रिकाम्या राहतात आणि तो अहवाल कोणी उघडत नाही. बघितला जातो तो फक्त एक आकडा, पूर्ण झाले की नाही.

माहितीच्या अधिकाराचे प्रशिक्षण हा याहून गंभीर मासला. अर्जाला किती दिवसांत उत्तर द्यायचे, ३०, हे चहावाल्यालाही ठाऊक असते. विचारायचे ते असे : तुमच्याकडे आलेल्या अर्जातील माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे आहे, तुम्ही काय कराल? अर्ज परत पाठवाल; अर्जदाराला कारण विचाराल; दप्तरी दाखल कराल; की पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे वर्ग करून अर्जदाराला कळवाल? कलम ६(३) शेवटचे सांगते, आणि कारण विचारायला कलम ६(२) मनाई करते. पहिले तीन पर्याय कल्पनेतून काढावे लागत नाहीत. ज्याचा अर्ज परत आला त्या नागरिकाला ते पाठ असतात.

यावर उत्तर मिळते की कर्मचारी लाखो, तपासणारे मूठभर, एवढा विचार कोण करणार? संख्येचा मुद्दा खराच आहे. फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास अमेरिकेत कॅन्सस येथे या प्रकारची चाचणी तयार केली ती याच गरजेतून, आणि तपासणाऱ्याच्या लहरीप्रमाणे गुण बदलू नयेत म्हणूनही. उत्तरपत्रिकेवरचे आडनाव न वाचणारा परीक्षक आपल्या देशात ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या लोकसेवा आयोगाने २०१२ मध्ये राज्यसेवा मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ केली, पुढे ती पुन्हा वर्णनात्मक करण्याचे ठरवले, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २०२३ मध्ये तो बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलला गेला. त्या वादात दोन्ही बाजू पद्धतीवर भांडत होत्या. प्रश्न कोण आणि कसे लिहितो यावर फारसे कोणी बोलले नाही. तरी आयोगाच्या परीक्षेत उत्तरतालिकेवर हरकत घेता येते आणि सदोष प्रश्न रद्दही होतात. खात्यांच्या बहुतेक प्रशिक्षण-प्रश्नावल्यांत तेवढीही सोय दिसत नाही. उत्तर चुकीचे नोंदवले असेल तर तेच पाठ करायचे, कारण गुण त्यालाच आहेत.

चंदीगडच्या सेक्टर २६ मध्ये तंत्रशिक्षकांना अध्यापन शिकवणारी राष्ट्रीय संस्था १९६७ पासून उभी आहे. त्याच सेक्टरमध्ये पंजाबची महात्मा गांधी राज्य लोकप्रशासन संस्था आहे. एकीकडे प्रश्न कसा लिहावा हे जाणणारे, दुसरीकडे नियम जाणणारे. आस्थापना शाखेतला वीस वर्षे रजेचे अर्ज हाताळलेला एखादा अधीक्षक त्यांच्यामध्ये बसवावा. एक चांगला प्रश्न, त्याचे चार पर्याय आणि चार अभिप्राय यांना निदान तासभर लागतो. दहा प्रश्नांना दोन दिवस. ते दोन दिवस त्या अधीक्षकाच्या टेबलावरचे काम दुसऱ्याकडे द्यावे, त्याला त्याचे मानधन द्यावे आणि प्रश्नावलीखाली त्याचे नाव व हरकत पाठवण्याचा पत्ता छापावा.