स्वयंसेवकांना एवढे नाकारू नये

आफ्रिकेतल्या खेड्यांत शिकवायला गेलेले परदेशी तरुण फोटो काढून परततात, मुलांच्या पदरात काही पडत नाही, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. दोन आठवड्यांच्या दौऱ्यांना ते लागू पडते. वर्षभर राहणाऱ्यांना नाही.

मायकेल क्रेमर यांनी १९८०च्या दशकात पश्चिम केनियातल्या शाळेत वर्षभर शिकवले. पुढे अर्थतज्ज्ञ होऊन ते त्याच भागात परतले आणि कोणती मदत मुलांना खरोखर पोचते, हे सहकाऱ्यांसह तपासू लागले. मोफत पाठ्यपुस्तकांनी सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांचा. पुस्तके इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही बहुतेक मुलांची तिसरी भाषा! उलट, १९९८पासून बुसिया परिसरातील ७५ शाळांत टप्प्याटप्प्याने जंताच्या गोळ्या दिल्या, तेव्हा गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. पोटातले जंत हे शाळा बुडण्याचे कारण असते, ही गोष्ट मुंबईतल्या पालिका शाळेच्या बाईंनाही पटेल.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. काम टिकते ते गावच्या माणसांमुळे. मलावीच्या अनेक शाळांत मका-सोयाची पौष्टिक पेज रोज पहाटे आया आणि आज्याच शिजवतात, तेही विनावेतन. परदेशातून आलेल्याने आधी त्यांच्या चुलीपाशी बसावे, त्यांचे ऐकावे. शाळेच्या भिंती रंगवायला गावात माणसे आहेत.

– एक वाचक, पुणे